उरणमध्ये शिट्टीला दिलेलं मत वाया गेलं का?

स्नेहल_उरण

२०२४ च्या विधानसभेपासून आमच्या घरात एक वाद चालू आहे. जेवताना निघतो आणि कुणीतरी ताटावरून उठलं की थांबतो. इथे राजकारणातलं जवळून पाहिलेली माणसं आहेत, म्हणून विचारते.

उरणमध्ये भाजप निवडून आला. दुसऱ्या क्रमांकावर शेकापची, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाची शिट्टी, तिसऱ्या क्रमांकावर ठाकरे गटाची मशाल. पहिल्या-दुसऱ्यात फरक साधारण साडेसहा हजारांचा आणि मशालीला मतं सत्तर हजारांच्या आसपास. त्याच वर्षी लोकसभेला मावळमध्ये बाबा आणि त्यांचे शेकापवाले सोबती मशालीसाठीच दारोदार फिरले होते. आमच्या ओटीवर मशालीच्या स्लिपांचे गठ्ठे पडलेले असायचे. सहा महिन्यांनी तेच दोन पक्ष समोरासमोर.

माझा भाऊ म्हणतो, शेकाप संपलाय. एक आमदार येतो, कधी तोही येत नाही. अशा पक्षाला मत देणं म्हणजे मत पाण्यात टाकणं. ज्याचं सरकार येणार त्याला द्यावं, निदान गावातली कामं तरी होतील. तो सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराच्या कंटेनर गोदामात नोकरीला आहे, त्याला रोज दिसतं की कुणाच्या फोनवर माणूस कामाला लागतो.

बाबा १९८४ साली शेतकऱ्यांच्या जमिनीच्या आंदोलनात होते. आमची भातशेती बंदरात गेली. त्यांचं एकच वाक्य असतं, "आमच्या बाजूने उभं कोण राहिलं ते बघ." त्यापुढे ते बोलत नाहीत, डोळे भरतात आणि उठून जातात.

मला दोघांचंही अर्धं पटतं आणि दोघांपैकी कुणालाच उत्तर देता येत नाही. म्हणून प्रश्न दोन. सत्ता कधीच मिळणार नाही अशा छोट्या पक्षाचा सामान्य माणसाला नेमका उपयोग काय? आणि असे पक्ष वाढत का नाहीत? लोकांनी नाकारलं म्हणून, की वाढूच नयेत अशी व्यवस्था आहे म्हणून?

---

पनवेल_मुक्काम

तुमच्या भावाचं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि हे मी शेकापच्या घरात वाढूनच लिहितोय.

पक्षाच्या माणसांचं काय झालं ते बघा. रामशेठ ठाकूर शेकापचे खासदार होते, ते काँग्रेसमार्गे भाजपच्या बाजूला गेले. पेणचे आमदार राहिलेले धैर्यशील पाटील २०२३ ला भाजपमध्ये गेले आणि पुढच्या वर्षी राज्यसभेवर. उरणच्या जमीन आंदोलनाचे नेते, खुद्द दि. बा. पाटील शेवटी शिवसेनेत गेले होते. जो पक्ष स्वतःची माणसं सांभाळू शकत नाही त्याला आपण का सांभाळायचं? अलिबागला एका घराभोवती पक्ष, सांगोल्याला दुसऱ्या घराभोवती. कार्यकर्त्याने आयुष्यभर सतरंज्या उचलायच्या आणि तिकीट घरातल्या माणसाला.

मोठ्या पक्षात हे नाही असं म्हणत नाही. पण मोठ्या पक्षाचा आमदार निदान निधी आणतो.

---

खारेपाटकर

स्नेहल, वडिलांना माझा लाल सलाम सांग.

मी पेण तालुक्यातला. भातशेती आणि थोडं खाजण. पक्षाचं पद माझ्याकडे कधी नव्हतं, पण तरुण असल्यापासून शेकापच्या बूथवर बसत आलो. यादी फोडणं, स्लिपा लिहिणं, टेबल लावणं, मतमोजणीला जाळीच्या अलीकडे पेन-कागद घेऊन उभं राहणं, हे सगळं केलं. तेव्हा जे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे तेवढंच लिहितो. लांब होईल.

आधी उपयोगाचं. तू ज्या जिल्ह्यात राहतेस तिथे जमिनीचं जे काही हक्काचं म्हणून मिळालंय, त्यातलं बरंचसं आधी कुठल्यातरी छोट्या पक्षाने मागितलेलं आहे. १९३३ साली चरी गावात शेतकऱ्यांनी सभा घेतली आणि खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदारांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. नारायण नागू पाटील पुढे होते. सहा वर्षं लोकांनी ते पाळलं. शेतात पेरणी नाही, घरात भात नाही, तरी पाळलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधिमंडळात गेला. काँग्रेसच्या बहुमतापुढे तो अगदी लहान पक्ष होता. त्या लहान पक्षाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक काही मंजूर झालं नाही. तुझ्या भावाच्या हिशोबाने ती सगळी मतं वाया गेली. आणि १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, तो काँग्रेसच्याच सरकारने केला. मधली बारा वर्षं तो प्रश्न कुणीतरी खाली पडू दिला नाही म्हणून झाला.

तुझ्या बाबांचं १९८४ तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटील त्या वेळी शेकापमध्ये होते. त्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी अशी मागणी उभी राहिली आणि पुढे सरकारला ती मान्य करावी लागली. आज उरण-पनवेलमध्ये साडेबारा टक्क्यांच्या फायली घेऊन फिरणारे सगळ्या पक्षांचे आहेत. असू देत. गोळ्या झेलल्या त्या वेळी मात्र लाल बावटा होता, हे मला कुणी विसरायला सांगू नये.

आणि हे फार जुनंही नाही. महामुंबई सेझ, म्हणजे उद्योगांसाठीचं विशेष आर्थिक क्षेत्र, आठव. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली आमच्या पेण तालुक्यातली २२ गावं त्यात जाणार होती. पाणी शेतापर्यंत येणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षं वाट बघत होतो आणि पाणी येण्याच्या वेळेला जमीन जाणार होती. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर गावोगावी यायचे. त्यांचं वय झालं होतं, आवाज खणखणीत होता. २१ सप्टेंबर २००८ ला त्या गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. शेतकऱ्याला "तुझी जमीन देतोस का" असं मतपत्रिकेवर विचारलं गेलं, असं या राज्यात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. निकाल सरकारने जाहीर केला नाही. पण सेझ झाला नाही, आणि त्या जमिनी आजही भात पिकवतात.

आता यात पक्षाचा आकार कुठे आला? इथे आला, की मोठ्या पक्षाला राज्यभराची बेरीज करायची असते. २८८ मतदारसंघांच्या बेरजेत २२ गावं दिसतच नाहीत. त्यांचा स्थानिक पुढारी मनाने आपल्या बाजूचा असतो, सभेला येऊन बसतोही, पण वरून फोन आला की त्याचं तोंड बंद होतं. छोट्या पक्षाला तो फोन येत नाही. त्याचा जीवच त्या २२ गावांत असतो. ती गेली तर पक्ष गेला. म्हणून तो तिथून हलत नाही. मी त्याला त्यागबिग म्हणणार नाही. त्याची गरज आणि आपली गरज एक असते, एवढंच. मला ते पुरतं.

आता दुसरा प्रश्न, वाढत का नाहीत. लोकांनी नाकारलं हे काही ठिकाणी खरं आहे. पण लोकांपर्यंत पोचायच्या आधीच किती दारं बंद असतात ते बाहेरून कळत नाही.

अर्ज भरण्यापासून सुरू होतं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार लागतो. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. ऐकायला सोपं वाटतं. एका निवडणुकीत आमच्या दहांपैकी एकाचा यादीतला अनुक्रमांक चुकीचा पडला, तो भाग बदलल्यामुळे. छाननीच्या आदल्या रात्री आम्ही तिघं जण दिव्याखाली यादीची पानं चाळत होतो. मोठ्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद, शेवटच्या तासाला गाडीतून येतो आणि एका सहीवर काम होतं.

मग निशाणी. राज्यात मान्यता हवी तर विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा तीन टक्के जागा, म्हणजे आपल्याकडे नऊ आमदार, किंवा नुसती आठ टक्के मतं. लोकसभेच्या निकालावरही अटी आहेत, त्या सोडून देतो. शेकापची ताकद रायगड आणि सांगोल्यात एकवटलेली. आम्ही आमच्या तालुक्यांत लाख-लाख मतं घेतली तरी राज्याच्या टक्केवारीत ती दिसत नाहीत. उलट ज्याची मतं राज्यभर पसरलेली त्याला जागा मिळत नाहीत. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीला राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मतं होती. स्वतःची जागा शून्य. म्हणजे एकवटलं तर मान्यता नाही, पसरलं तर जागा नाही.

मान्यता गेली की राखीव निशाणी जाते. आमचा खटारा होता. माझ्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, खटारा ओळखता यायचा. आता जी मिळेल ती निशाणी घ्यायची आणि प्रचाराच्या पंधरा दिवसांत लोकांच्या डोक्यात बसवायची. वंचितचं बघ, कधी कपबशी, कधी गॅस सिलिंडर, कधी प्रेशर कुकर. निशाणीचा घोळ काय करतो ते २०२४ ला साताऱ्यात दिसलं. तुतारी वाजवणारा माणूस ही शरद पवारांच्या पक्षाची निशाणी. तिथे तो पक्ष बत्तीस हजारांच्या फरकाने हरला आणि पिपाणी निशाणी घेतलेल्या अपक्षाला सदतीस हजार मतं पडली. पन्नास-साठ वर्षं राजकारणात असलेल्या नेत्याच्या पक्षाची ही गत, तर आमची काय असेल?

यंत्रावर नावांचा क्रमही असाच. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर, मग आमच्यासारखे नोंदणीकृत, मग अपक्ष. स्टार प्रचारक त्यांना चाळीस, आम्हाला वीस. त्यांना मतदार यादीच्या प्रती फुकट, आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ. प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर लहान वाटते.

आणि सगळ्यात जड काम म्हणजे बूथ. २०२४ ला महाराष्ट्रात एक लाखाच्या वर मतदान केंद्रं होती. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. प्रत्येक केंद्रात आत एक माणूस, त्याला सोडवायला दुसरा, बाहेर टेबलावर दोघं. सातशे-हजार माणसं दिवसभर हवीत आणि ती विकली न जाणारी हवीत. त्यांचं चहा-जेवण आलं. खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे. मोठ्यांना ती अपुरी पडते. आमच्यासारख्यांना तेवढे जमवतानाच दम लागतो. आमच्याकडे बायका घरून डबे करून द्यायच्या, त्यावर आम्ही बूथ लढलो.

पनवेलकर, तुम्ही घराणेशाहीचं लिहिलंत ते मला लागलं, कारण खरं आहे. पण त्याचं एक मूळ इथेच आहे. निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना देणगी द्यायचे बँकेचे रोखे चालू होते तेव्हा रोख्याने पैसे घ्यायला शेवटच्या लोकसभेत किंवा विधानसभेत निदान एक टक्का मतं असण्याची अट होती. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे रद्द केले, पण एरवीही कारखानदार ज्याचं सरकार येणार त्यालाच देणगी देतो. मग छोट्या पक्षाचं कार्यालय, गाडी, कोर्टकचेरी चालवणार कोण? ज्याच्या घरात ऐपत आहे तो. आणि चालवणारा तिकिटावरही हक्क सांगतो. मला हे आवडत नाही. मी बैठकीत बोललोही आहे. पण पक्षाला चार बाजूंनी पैसे यायचे रस्ते बंद ठेवायचे आणि मग तो एका घरावर का टेकलाय म्हणून विचारायचं, हे मला पटत नाही.

मित्रपक्षांचं दुखणं तर वेगळंच. जुन्या काळी यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं, म्हणजे विरोधकांना आपल्यात सामावून घेण्याचं राजकारण होतं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, ज्यांनी पक्ष काढला तेच काँग्रेसमध्ये परत गेले. आता बेरीज निवडणुकीपुरती असते. लोकसभेला आम्ही हवे असतो कारण आमच्याकडे बूथवर बसणारी माणसं आहेत. विधानसभेला जागा मागितली की "तुमची ताकद किती" विचारतात. उरणला २०१९ मध्ये आम्ही तिसरे होतो, त्याचा दाखला दिला गेला असेल. २०२४ ला मतदारांनी आम्हाला दुसरं ठेवलं, पनवेललाही दुसरं ठेवलं. पेणला उलट झालं, तिथे मशाल दुसरी आणि आम्ही तिसरे, तेही सांगायला हवं. बसून बोलले असते तर तिन्ही ठिकाणी मतांची फाटाफूट टळली असती. तेव्हा स्नेहल, वाया गेलं असेल तर ते जागावाटपाच्या खोलीत गेलं. तुझ्या बाबांनी बटण दाबलं तिथे काही वाया गेलं नाही.

---

माणदेशी

खारेपाटकर, सांगोल्याहून जय हिंद.

आमच्याकडचं थोडं जोडतो. आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. मधे १९७२ आणि १९९५ ला पडलेही. मंत्रिपद फार थोडा काळ होतं, बाकी सगळं आयुष्य विरोधात. भावाला विचारा, विरोधात बसणाऱ्याने काय केलं. १९९३ ला आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली. नागनाथअण्णा नायकवडी, एन. डी. सर आणि आबासाहेब. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं दर वर्षी यायची. कृष्णेचं पाणी डोंगर चढून माणदेशात येईल असं म्हटलं की शहाणी माणसं हसायची. माझे चुलते तर म्हणायचे, पाणी आलं तर मी मिशी उतरवीन. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हा ते हयात नव्हते. आज आमच्या डाळिंबाच्या बागा त्यावर उभ्या आहेत. परिषदेत एका पक्षाचा झेंडा नव्हता हे खरं, पण ती दर वर्षी भरवायला चिकाटी लागते, आणि ती चिकाटी सत्तेच्या रांगेत नसलेल्या माणसांकडे होती.

अडचणींमध्ये एक राहिली. एकटा आमदार सभागृहात काय करू शकतो? बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्येवर. आबासाहेबांना मान होता, पन्नास वर्षांचा अनुभव होता, ते उभे राहिले की सगळे ऐकायचे. नव्या आमदाराला तो मान कमवावा लागतो, तोवर दोन-चार मिनिटांत सगळं मांडायचं.

२०१९ ला आबासाहेब उभे राहिले नाहीत आणि आम्ही हजाराच्याही आतल्या मतांनी हरलो. २०२४ ला इथेही मशालीने उमेदवार दिला, समोर शिंदे गटाचा विद्यमान आमदार, तरी डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. राज्यात शेकापची तेवढीच एक जागा. तेव्हा स्नेहलताई, संपलाय म्हणणाऱ्याला सांगोल्याला पाठवा.

---

फोंडेकार

गोव्याचं लिहितो, कारण आमच्याकडे एक छोटा पक्ष कधी काळी सरकार होता.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६३ ला गोव्यातलं पहिलं निवडून आलेलं सरकार बनवलं. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. गावागावांत मराठी शाळा उघडल्या त्या काळात. माझी आई त्यातल्याच एका शाळेत शिकली, नाहीतर तिच्या घरात मुलींना शाळा दिसली नसती. आज मगोचे विधानसभेत दोन आमदार.

कायद्याने छोटा पक्ष कसा मोडतो ते आम्ही २०१९ च्या मार्चमध्ये पाहिलं. मगोचे तीन आमदार होते. मध्यरात्रीनंतर त्यातल्या दोघांनी विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केल्याचं पत्र दिलं. पक्षांतरबंदीत दोन तृतीयांशांनी विलीन व्हायची मुभा आहे, आणि तिघांत दोन म्हणजे दोन तृतीयांश. मोठ्या पक्षाच्या पंचवीस आमदारांतले सतरा फोडायला किती खटाटोप करावा लागेल? छोट्याला दोन माणसं पुरतात. सांगोलेकर, एकट्या आमदाराचं तर आणखी सोपं, त्याचा तो स्वतःच पूर्ण पक्ष.

पण एक गोष्ट आमच्याकडे बरी आहे. मतदारसंघ लहान. एकेका मतदारसंघात तीस हजारांच्या आत-बाहेर मतदार. तुमच्याकडे तीन लाखांच्या वर. आमच्या इथे उमेदवार प्रत्येक घरी दोनदा जाऊ शकतो, पैसे नसले तरी पाय असतात. म्हणून रिव्होल्यूशनरी गोवन्ससारखा नवा पक्ष २०२२ ला पहिल्याच फेरीत नऊ टक्क्यांच्या वर मतं आणि एक आमदार घेऊन गेला. उरणमध्ये साडेतीनशे बूथ सांभाळायचे तर ते कसं जमायचं?

---

पनवेल_मुक्काम

खारेपाटकर काका, पैशांचं मूळ तुम्ही सांगितलंत ते मी त्या बाजूने पाहिलं नव्हतं. तरी घरातल्या माणसालाच तिकीट हे पटत नाही. मोठ्या पक्षांनी रस्ते बंद केले म्हणून पक्षाच्या आत निवडणूक घेऊ नये असं कुठे लिहिलंय? तालुका चिटणीस कार्यकर्त्यांच्या मतांनी निवडा, त्याला पैसे लागत नाहीत.

---

खारेपाटकर

पनवेलकर, हे शंभर टक्के मान्य. २ ऑगस्टच्या वर्धापन दिनाला मी हेच बोलतो आणि पुढेही बोलणार. तरुण मुलं निघून जातात ती सगळीच पदासाठी जात नाहीत. काही जण विचारलं जात नाही म्हणून जातात. तुमच्यासारखे बाहेर बसून बरोबर बोलतात, त्यापेक्षा आत येऊन बोला, मी शेजारी बसतो.

---

स्नेहल_उरण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे वाचून दाखवलं. चरीचा भाग त्यांना दोनदा वाचायला लावला, मग त्यांनी गोळीबाराच्या दिवसाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मोकळेपणी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

भाऊ पूर्ण बदलला असं नाही. तो म्हणतो, गावातल्या रस्त्याचं काय? त्याचा प्रश्न खोटा नाही. आमचा रस्ता खरंच वाईट आहे आणि आमदार सत्तेतला असला की निधी लवकर येतो, हे मीही बघते. पण दहा सूचकांचं आणि साडेतीनशे बूथांचं वाचून तो गप्प झाला. मतदारांनी नाकारलं असंच त्याला वाटत होतं.

माझा आता एकच प्रश्न उरलाय. पुढच्या विधानसभेला मला बूथवर बसायचं आहे. आमच्या केंद्रावर शेकापच्या बाजूने आजवर एकही बाई आत बसलेली नाही. काय लागतं, आणि मला झेपेल का?

---

खारेपाटकर

झेपेल. आमच्या तालुक्यातल्या बायका पुरुषांपेक्षा चोख बसतात, मतदार ओळखतात आणि जेवायला उठून जात नाहीत.

तू त्या भागाची मतदार असलीस तर उत्तम. नेमणूक नमुना १० वर होते, त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते. ती आदल्या दिवशीच हातात घे, सकाळी धावपळीत मिळत नाही. मतदार ओळखपत्र बरोबर ठेव. मोबाइल आत नेता येत नाही, घरी सांगून ठेव.

मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला हजर राहा, कारण दीड तास आधी चाचणी मतदान होतं. यंत्रावर प्रत्येक उमेदवाराचं बटण दाबून बघतात. शिट्टीचं बटण दाबलं की चिठ्ठीवर शिट्टीच येते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. चाचणीची मतं पुसली गेली हेही बघ. मग सील लावतात, त्याचे क्रमांक लिहून घे.

दिवसभर यादीवर खूण करत जा. जी माणसं मयत आहेत किंवा परगावी आहेत त्यांची नावं आदल्या रात्री बाबांबरोबर बसून लाल पेनाने वेगळी कर, गावात बाबांइतकं कुणाला माहीत नसेल. त्या नावावर कुणी आलं तर आवाज न चढवता केंद्राध्यक्षाला सांग की ओळख पटवा. त्याला आक्षेप घेणं म्हणतात आणि तो तुझा हक्क आहे.

संध्याकाळी एकूण किती मतं पडली त्याचा हिशोब नमुना १७-क वर असतो. त्याची प्रत केंद्राध्यक्षाने सही करून तुला द्यायची असते. बाकीचे घाई करतील, गाडी थांबलीय म्हणतील. प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नकोस, आणि ती त्याच रात्री तालुका कार्यालयात पोचव. मतमोजणीला आमच्याकडे तोच एक कागद असतो.